८१ विरुद्ध ८२: आयरिश संसदेचे ऑनलाइन दप्तर कितपत कामाचे?

आयर्लंडच्या संसदेचे, म्हणजे एराख्तसचे, संकेतस्थळ १९१९पासूनच्या कामकाजाचे शब्दशः इतिवृत्त फुकट वाचायला देते. खाते काढा, ईमेल द्या, ओटीपी टाका असली कटकट नाही. पण इथे परीक्षण सबंध संकेतस्थळाचे नाही. १९८१ ते १९९७ या काळात तिथली काठावरची आणि अल्पमतातली सरकारे कशी आली, कशी तगली आणि कशी कोसळली हे मुळातून वाचायचे असेल, तर हे दप्तर किती उपयोगी पडते, एवढेच पाहायचे आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसणार असाल तर पाचपैकी चार तारे. नुसती भाषणे वाचत जाणार असाल तर दोनसुद्धा जास्तच.

कारण या काळातल्या आयरिश राजकारणात भाषणांनी फारसे काही ठरले नाही, बेरजेने ठरले. कनिष्ठ सभागृह, म्हणजे डॉल, १९८१पासून १६६ जणांचे होते. फिआना फॉइल हा मोठा पक्ष ६८ ते ८१च्या पट्ट्यात फिरत राहिला आणि बहुमताचा ८४चा आकडा त्याला एकदाही गाठता आला नाही. फिना गेल आणि मजूर पक्ष एकत्र आले तरी कधी पुरायचे, कधी नाही. मग चार-पाच अपक्ष आणि डावे यांच्याकडे सगळ्यांचे डोळे. आपल्याकडच्या वाचकाला हे नवे नाही. नवे आहे ते हे, की ही सगळी बेरीज नावानिशी, घरबसल्या पडताळता येते.

नेमके पान गाठायचे कसे

मुखपृष्ठावरच्या शोधखिडकीत विषय टाकून सुरुवात करू नका. ‘अर्थसंकल्प’ किंवा ‘विश्वास’ अशा शब्दांना शंभर वर्षांचा ढीग समोर येतो. आधी तारीख माहीत करून घ्यावी आणि चर्चांच्या विभागात सभागृह निवडून थेट त्या दिवसावर जावे. त्याहून सोपे म्हणजे कुठलाही एक दिवस उघडून वरचा पत्ता पाहणे. त्यात सभागृहाच्या नावानंतर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आकड्यांत असते. ती खोडून हवी ती टाकली की झाले. सभागृह त्या दिवशी बसले नसेल तर अर्थात काही मिळणार नाही.

सुरुवातीला पुरतील एवढ्या तारखा: २७ जानेवारी १९८२, ९ मार्च १९८२, ४ नोव्हेंबर १९८२, १० मार्च १९८७, २६ एप्रिल १९८९, २९ जून १९८९. दिवसाचे पान उघडले की विषयांची यादी दिसते आणि प्रत्येक विषय वेगळ्या पानावर जातो. इथे पहिली फसगत होते. अर्थसंकल्पाचे भाषण एका पानावर असते आणि त्यावरचे वित्तीय ठराव व मतदान पुढच्या पानांवर. भाषण वाचून थांबलात तर सरकार पडल्याचे कळणारच नाही.

मतदान आले की ‘टॉ’ आणि ‘नील’ अशा दोन याद्या दिसतात. टॉ म्हणजे होकार, नील म्हणजे नकार. याद्यांच्या शेवटी दोन्ही बाजूंच्या मतमोजणी करणाऱ्या सदस्यांची, म्हणजे टेलर्सची, नावे असतात. यादीत पक्षाचे नाव मात्र नसते. ही या दप्तराची सगळ्यात मोठी गैरसोय. एकाच नावाची माणसेही आहेत. टॉम फिट्झपॅट्रिक दोन, एक कॅव्हन-मोनॅहनचे फिना गेलचे आणि दुसरे डब्लिन साउथ-सेंट्रलचे फिआना फॉइलचे. आडनाव पाहून खूण करत गेलात तर बेरीज चुकलीच म्हणून समजा. मतदारसंघ तपासल्याशिवाय खूण करू नये.

एक मतदान जवळून

२७ जानेवारी १९८२चे मतदान हा या दप्तराचा उत्तम नमुना. जून १९८१च्या निवडणुकीत फिआना फॉइलला ७८, फिना गेलला ६५, मजूर पक्षाला १५ आणि इतरांना ८ जागा मिळाल्या होत्या. गॅरेट फिट्झजेरल्ड यांचे फिना गेल–मजूर सरकार ८० जणांवर उभे होते. अर्थमंत्री जॉन ब्रुटन यांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात कपडे आणि पादत्राणांवर १८ टक्के व्हॅट होता. लहान मुलांचे बूटही त्यातून सुटले नव्हते. सूट दिली तर लहान पावलांच्या बायका मुलांचे बूट घेऊन कर चुकवतील, हा युक्तिवाद आयर्लंडमध्ये आजही चेष्टेने सांगितला जातो. त्याच रात्री वित्तीय ठरावावर सरकार ८१ विरुद्ध ८२ असे हरले.

आता पेन्सिल घ्या. ८१ आणि ८२ मिळून १६३. सभागृह १६६चे, म्हणजे तीन माणसे गायब. पहिले सभापती जॉन ओकॉनेल. घटनेच्या १५व्या कलमानुसार सभापती फक्त समसमान मते पडली तरच मत देतो, म्हणून तो एरवी यादीत नसतोच. दुसरी जागा किअरन डोहर्टी यांची. मेझ तुरुंगातून निवडून आलेल्या या उपोषणकर्त्या कैद्याचा २ ऑगस्ट १९८१ला मृत्यू झाला आणि पोटनिवडणूक झाली नव्हती. तिसरे लाउथचे पॅडी ॲग्न्यू, तेही कैदीच. त्यांनी आपली जागा कधी घेतलीच नाही. तीनही सापडले.

पुढे बाजू लावा. सरकारचे ८० आणि नोएल ब्राउन मिळून ८१. विरोधात फिआना फॉइलचे ७८, शिवाय नील ब्लेनी, लिमरिकचे जिम केमी, कामगार पक्षाचे (मजूर पक्षाहून वेगळा डावा पक्ष) जो शर्लॉक आणि शॉन लॉफ्टस. हे झाले ८२. आकडा पैसा न् पै जुळतो. केमी किंवा लॉफ्टस यांपैकी एकटा जरी इकडचा तिकडे गेला असता, तर हेच मतदान ८२–८१ असे सरकारच्या बाजूने लागले असते. एप्रिल १९९९मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले, तेव्हा आपल्याकडे ते एक मत कुणाचे यावर महिनोन्महिने वाद चालला. आयर्लंडमधले ते मत कुणाचे याचे उत्तर यादीवरून दहा मिनिटांत काढता येते.

लॉफ्टस यांचे अधिकृत नाव वाचताना थांबायला होते. मतपत्रिकेवर अपक्षाला घोषणा छापता येत नाही, म्हणून त्यांनी कायदेशीररीत्या नावातच ‘डब्लिन बे रॉकॉल’ घालून घेतले होते. डब्लिनच्या उपसागराचा आणि रॉकॉल खडकाचा प्रश्न थेट मतपत्रिकेवर!

आणि इथेच दप्तराची मर्यादाही दिसते. सरकार पडल्यावर फिट्झजेरल्ड डॉल विसर्जित करा म्हणून राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्याकडे गेले. घटनेच्या कलम १३.२.२ प्रमाणे, बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाचा म्हणजे टीशखचा विसर्जनाचा सल्ला राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या पूर्ण मर्जीने नाकारू शकतो. फिआना फॉइलने त्या रात्री त्यासाठी जोर लावला. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी फोन गेले. हिलरींनी दाद दिली नाही आणि निवडणूक लागली. या फोनांची नोंद २७ जानेवारीच्या पानावर कुठून असणार? ते प्रकरण दप्तरात शिरते ते थेट ३१ ऑक्टोबर १९९०ला. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभे असलेले फिआना फॉइलचे ब्रायन लेनिहन आपण फोन केलाच नव्हता म्हणत होते आणि आधीच्या ध्वनिमुद्रित मुलाखतीत केल्याचे सांगून बसले होते. त्यांना मंत्रिमंडळातून काढले गेले, सरकारवर विश्वासाची चर्चा झाली आणि पुढच्याच आठवड्यात मेरी रॉबिन्सन निवडून आल्या. १९८२चे पान वाचणाऱ्याने १९९०चे पान शेजारी उघडावे. संकेतस्थळ स्वतःहून हा दुवा जोडून देत नाही.

ग्रेगरी करार: या दप्तरातला सर्वात मोठा ऐवज

फेब्रुवारी १९८२च्या निवडणुकीत फिआना फॉइल ८१, फिना गेल ६३, मजूर १५, कामगार पक्ष ३, इतर ४. फिआना फॉइलचे नेते चार्ल्स हॉही यांना टीशख होण्यासाठी डब्लिन सेंट्रलचे अपक्ष टोनी ग्रेगरी हवे होते. ग्रेगरींनी फुकट पाठिंबा दिला नाही. लेखी करार करून घेतला, त्यावर मोठ्या कामगार संघटनेचे सरचिटणीस मायकल मलन यांची साक्ष घेतली आणि ९ मार्चला सभागृहात उभे राहून त्यातला मजकूर वाचून दाखवला, म्हणजे तो अधिकृत इतिवृत्तात कायमचा बसला. डब्लिनच्या मध्यवस्तीत ४४० नवी घरे, बंदर मंडळाची २७ एकर जागा सरकारने घ्यायची, क्लोंडाल्किनची बंद पडलेली कागद गिरणी वाचवायची अशी कलमे त्यात आहेत. ‘बाहेरून पाठिंबा’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. त्याचे दरपत्रक संसदेच्या कागदावर पाहायचे असेल तर हे एक पान पुरेसे आहे.

मतदान ८६–७९. पडताळा सोपा आहे: ८१ अधिक कामगार पक्षाचे ३, ग्रेगरी, ब्लेनी. विरोधात ६३, १५ आणि केमी. सभापती पुन्हा ओकॉनेल. एकूण १६६, कुणीही बाहेर नाही. या काळातली इतकी स्वच्छ यादी क्वचित मिळते, म्हणून सरावाला हीच घ्यावी.

आठ महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, विश्वासाच्या प्रश्नावर हेच सरकार ८०–८२ असे पडले. इथे गणित अवघड होते, कारण जे यादीत नाहीत त्यांना शोधावे लागते. फिआना फॉइलचे बिल लॉक्नन वारले होते, जिम गिबन्स रुग्णालयात होते, म्हणजे ८१चे ७९ झाले. ब्लेनी मिळून ८०. कामगार पक्षाचे तिघे सरकारच्या नव्या आर्थिक योजनेवरून उलटले. ग्रेगरी तटस्थ राहिले. मधल्या काळात हॉहींनी एक जागा ओढण्याचा डावही टाकून पाहिला होता. फिना गेलचे रिचर्ड बर्क यांना युरोपियन आयुक्त करून ब्रसेल्सला पाठवले, म्हणजे डब्लिन वेस्टची जागा रिकामी होईल आणि आपल्याला मिळेल. मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत तिथे परत फिना गेलच आले. आयुक्तपद गेले ते गेले, जागाही नाही.

तटस्थांबद्दल जरा बजावून सांगायला हवे. आता डॉलमध्ये तटस्थ राहणाऱ्यांची तिसरी यादी छापली जाते. १९८०च्या दशकात ती नव्हती. ज्याचे नाव दोन्ही याद्यांत नाही तो आजारी होता, परदेशात होता, मुद्दाम बसून राहिला होता, की विरोधी सदस्याशी जोडी लावून दोघेही घरी गेले होते, हे यादी सांगत नाही. जोडी लावण्याची ही पद्धत पक्षांच्या प्रतोदांमधली, तिची अधिकृत नोंद नाही. त्यामुळे कुणाचे नाव दिसले नाही की ‘पक्षाविरुद्ध गेला’ असा निष्कर्ष काढणे हा नवख्यांचा ठरलेला घोळ. आधी त्या दिवशीची त्याची भाषणे पाहावीत, मग त्या दिवसाचे वर्तमानपत्र.

१९८७ ते १९८९

१० मार्च १९८७चे पान नाट्यमय आहे आणि तरीही कोरडे. फिआना फॉइल ८१, फिना गेल ५१, नवा प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स पक्ष १४, मजूर १२, कामगार पक्ष ४, इतर ४. हॉहींच्या बाजूने ८१ अधिक ब्लेनी, म्हणजे ८२. विरोधात ५१, १४, १२, ४ आणि केमी, म्हणजेही ८२. ग्रेगरी या खेपेला तटस्थ. बरोबरी! सभापती शॉन ट्रेसी यांनी निर्णायक मत दिले आणि हॉही टीशख झाले. ट्रेसी स्वतः अपक्ष. सभापतीच्या खुर्चीवर कोण बसले हे आधी पाहायचे ते याचसाठी. सत्ताधारी पक्ष स्वतःचा माणूस खुर्चीवर बसवतो तेव्हा एक मत गमावतो, अपक्षाला बसवले तर वाचवतो. १९९७ला तर मजूर पक्षाचे शेमस पॅटिसन सभापती झाले, म्हणजे विरोधकांचेच एक मत कमी झाले.

यानंतरच्या दोन वर्षांसाठी मात्र दप्तर अपुरे पडते. हॉही सरकार टिकले ते फिना गेलचे नेते ॲलन ड्यूक्स यांच्यामुळे. खर्चकपातीची दिशा बरोबर असेल तर केवळ पाडायचे म्हणून सरकार पाडणार नाही, हे त्यांनी २ सप्टेंबर १९८७ला जाहीर केले, पण डॉलमध्ये नव्हे, तर टॅलाटच्या व्यापारी मंडळापुढे. त्या काळातले सर्वांत महत्त्वाचे भाषण या संग्रहात नाही, कारण ते सभागृहात झालेच नाही. इथे फक्त त्याचा परिणाम दिसतो. अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांच्या कपाती एकेक करून मंजूर होत जातात आणि काठावरचे सरकार भक्कम बहुमत असल्यासारखे चालते. पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ही दोन वर्षे वाचून विरोधी पक्ष झोपला होता की काय असे वाटेल.

सरकार किरकोळ ठरावांवर मधूनमधून हरतही होते. २६ एप्रिल १९८९ला रक्तघटकांतून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलिया रुग्णांसाठी ४ लाख पौंडांच्या निधीवर ते ६९–७२ असे हरले. आकडे पाहा. फिआना फॉइलचे एकट्याचे ८१ होते आणि सरकारच्या बाजूने ६९. अशा मतदानाची बेरीज १६६शी जुळवण्याचा खटाटोप करू नये, दोन्हीकडचे बरेच जण गैरहजर असतात. या पराभवाने सरकारला राजीनामा देणे भाग नव्हते. हॉहींनीच तो निमित्त केला आणि १५ जूनला निवडणूक लावली. फिआना फॉइल ८१वरून ७७वर आले.

२९ जून १९८९चे पान मग आवर्जून वाचण्याजोगे. हॉही ७८ विरुद्ध ८६ असे हरले. ड्यूक्स यांना ६१ मते, म्हणजे फिना गेलचे ५५ आणि प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सचे ६. मजूर पक्षाचे डिक स्प्रिंग यांना २४. टीशख म्हणून कुणीच निवडून आले नाही, हे पहिल्यांदाच घडले. घटनेप्रमाणे टीशखने अशा वेळी राजीनामा द्यायचा आणि पुढची निवड होईपर्यंत काळजीवाहू म्हणून काम पाहायचे. हॉहींनी आधी वेळकाढूपणा करून पाहिला आणि त्यावरची सभागृहातली खडाजंगी शब्दशः वाचायला मिळते. १२ जुलैला ७७ अधिक ६ असे ८३ जणांचे संयुक्त सरकार आले. आघाडी करायचीच नाही हा फिआना फॉइलचा जुना बाणा त्या दिवशी संपला.

निकालाच्या पुस्तिका

याच संकेतस्थळावर संसदेच्या ग्रंथालयाकडून प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीच्या अधिकृत निकालपुस्तिका स्कॅन स्वरूपात मिळतात. मतदारसंघवार, फेरीवार तक्ते. विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची मते आणि कोटा हे शब्द ऐकलेल्यांना पद्धत ओळखीची वाटेल, कारण मूळ तत्त्व एकच, एकल संक्रमणीय मत. कोटा म्हणजे वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. पाच जागा आणि ४२,००० वैध मते असतील तर ७,००० अधिक १.

फरक पुढे आहे. आपल्याकडे आमदारांच्या मतदानात एका मतपत्रिकेचे मूल्य १०० धरून अपूर्णांकात हिशेब होतो. डॉलच्या निवडणुकीत कागदच उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात जातात. एखादा उमेदवार नंतरच्या फेरीत कोटा ओलांडून निवडून आला, तर त्याच्या जादा मतांसाठी फक्त शेवटी आलेला गठ्ठा तपासतात आणि पुढच्या पसंतीप्रमाणे लावून त्या प्रमाणात वरचे कागद काढून देतात. म्हणून अटीतटीच्या लढतीत फेरमोजणी केली की आकडे किंचित हलू शकतात, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही.

तक्ता वाचताना दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली, दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक उमेदवाराला दोन आकडे असतात, मिळालेली किंवा गेलेली मते आणि नवी बेरीज. स्कॅनमधून एक्सेलमध्ये उचलले की हे रकाने सरकतात, उणे चिन्हे गळतात. हाताने टंकलेले परवडते. दुसरी गडबड सभापतीची. मावळता सभापती निवडणूक न लढवता आपोआप परत येतो. त्यामुळे फेब्रुवारी १९८२ला ओकॉनेल यांच्या पाच जागांच्या डब्लिन साउथ-सेंट्रलमध्ये चारच जागांसाठी मतदान झाले आणि कोटा सहाने नव्हे, पाचने भागून काढावा लागतो. तक्ता चुकीचा छापला असे वाटून तक्रार करू नये.

१९९७ नंतर

जून १९९७ला बर्टी आहर्न यांच्या फिआना फॉइलला ७७ आणि प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सना ४ जागा मिळाल्या, मिळून ८१. केरी साउथचे जॅकी हीली-रे, विक्लोच्या मिल्ड्रेड फॉक्स, डॉनिगॉलचे हॅरी ब्लेनी अशा अपक्षांच्या आधारावर हे अल्पमतातले सरकार २००२पर्यंत, जवळजवळ पूर्ण पाच वर्षे चालले. वाचकाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत नीरस. मतदाने एकामागून एक जिंकलेली, ताण कुठेच नाही. कारण अपक्षांशी झालेले समझोते ग्रेगरींच्या करारासारखे सभागृहात वाचून दाखवले गेले नाहीत, ते पडद्यामागेच राहिले. कुठला रस्ता, कुठला दवाखाना, कुठला बंदराचा धक्का कशाच्या बदल्यात मिळाला हे मतदानाच्या पानावरून कळत नाही. त्यासाठी या सदस्यांच्या नावाने लेखी प्रश्नोत्तरे उघडावीत. मतदारसंघातल्या कामांबद्दल मंत्र्यांनी दिलेली उत्तरे तिथे तारखेनिशी आहेत. शोध लावताना सदस्याचे नाव आणि कालावधी दोन्ही गाळण्या एकदमच लावाव्यात. नुसते ‘ब्लेनी’ टाकलेत तर नील आणि हॅरी हे दोन्ही भाऊ एकाच ढिगात येतील.